उसाचा भारा

चकलांबा,
८ जानेवारी १९७३

ती. सौ. सत्यभामाताईस,
धाकट्या शहादेवाचा सा. न. वि. वि.

दुष्काळानं जीव नकोसा केलाय, त्यात आपल्या त्रिंबकदादाची तऱ्हा. सोसायटीचा चेअरमन म्हणून त्यानं सगळ्यांच्या विहिरीचं पाणी आपल्या उसाला वळवलं. हौदावर आलेली सिदू धनगराची मेंढरं काठीनं हाकलली. मी भांडलो, तर मलाच गप्प बसवलं. सिदूचा निम्मा कळप मेला.

परवा सिदूची बायको रतनबाई मेलेल्या मेंढीचं कोकरू पदराखाली घेऊन दारावरून गेली. ते बघून दादा भरल्या ताटावरून उठला. काल चेअरमनपद सोडलं, पाणी हौदाला सोडलं, आणि आता उभा ऊस गावच्या जनावरांना घालतो म्हणतोय. त्यात माझाही वाटा हाय. त्यावर अंजनाचं लग्न करायचं होतं. पोरीला काय सांगू?

तुमची माया असू द्यावी.
शहादेव

केज,
२० जानेवारी १९७३

चि. शहादेवास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

लहानपणी माझ्या ताटातली भाकर पळवून वर मलाच रागावणारा दादा ऊस वाटतोय, हे खरं वाटेना. हे म्हणतात, निवडणूक जवळ आली असेल. गावाला चारा वाटला की गळ्यात हार पडतात. सिदूच्या पालावर जाऊन हात जोडलेस का, एवढं त्याला माझ्या नावानं विचार.

अंजनाचं लग्न आमच्या दारात साधंच करू. तू जिवाला लावून घेऊ नकोस.

तुझी,
ताई

चकलांबा,
१५ फेब्रुवारी १९७३

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दादाला वाचून दाखवलं. सकाळी तो उसाचा भारा डोक्यावर घेऊन पालावर गेला. सिदूनं पाठ फिरवली. रतनबाईनं भारा उचलून बाहेर फेकला. दादा दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, मग रोजच जायला लागला. लोक हसतात, आता पुरे, असं मी कितीदा म्हटलं. ऐकतो कुठं? मला दादाचाही राग यायचा आणि सिदूचाही.

काल मीही त्याच्याबरोबर गेलो, तर सिदूनं भारा सोडून मेंढरांपुढं पसरला. म्हणाला, "मेंढरं खातील. मी मातर तुमच्यासंगं बोलणार न्हाई."

दादा म्हणाला, "नको बोलू. त्यांला खाऊ दे."

परतताना मी चिडून विचारलं, यातून तुला काय मिळालं? तो रानात शिरला आणि ऊस तोडायला लागला. मी बांधावर बराच वेळ धुसफुसत बसलो. मग दुसरा कोयता घेतला.

इथं बाकी सगळं आटलंय, तुमचा लोभ तेवढा आटू देऊ नका.
शहादेव