नानासाहेबांचा दधीची

पिंपळे गुरव
ता. १९ ऑगस्ट २०२५

ती. सौ. शालनताईस,
ज्ञानेशचा सा. न. वि. वि.

फोनवर बोललो की खोलीतले तिघं कान टवकारतात, म्हणून पत्र. तुला हसू येईल, आमच्या गणेश मंडळाच्या जिवंत देखाव्यात यंदा मी दधीची ऋषी आहे! वज्र घडवायला देव त्याचा पाठीचा कणा मागतात आणि तो देऊन टाकतो. मंडळाचे अध्यक्ष नानासाहेब म्हणाले, बरगड्या मोजता येतील असा माणूस अख्ख्या पिंपळे गुरवमध्ये दुसरा नाही. रोज सहा खेळ, उघड्या अंगानं ताठ बसायचं.

आता खरं सांगतो, पण पूनमला माहेरी कळवू नकोस, तिला सातवा महिना लागलाय. जूनमध्ये कंपनीत गिअरबॉक्स उचलताना कमरेत चमक भरली. मणक्यातली गादी सरकलीय, दोन महिने आराम करा म्हणतात डॉक्टर. मी गणवेशाच्या आत पट्टा आवळून शिफ्ट काढतोय. नानासाहेबच आमचे लेबर कंत्राटदार, खोलीही त्यांचीच. पाठ दुखते म्हणाला म्हणून नवनाथला त्यांनी दुसऱ्याच दिवशी कामावरून काढलं. उघड्या अंगावर पट्टा कुठं लपवू? पार अडकलोय गं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा ज्ञानेश


औसा
ता. २५ ऑगस्ट २०२५

चि. ज्ञानेश यास,
ताईचे अ. उ. आ.

आधी हसले, मग तव्यावरची भाकरी करपली. अरे गाढवा, जूनपासून लपवतोस? लहानपणी चिंचा चोरल्यास तरी तासाभरात कबूल करायचास.

अण्णा ही गोष्ट सांगायचे तेव्हा तू झोपलेला असायचास, म्हणून सांगते. देव आले तेव्हा दधीचीची बायको घरी नव्हती. परत येऊन बघते तर नवरा नाही. तिनं देवांना शाप दिला. तुमच्या देखाव्यात ती आहे का? नसणारच! आणि त्या ऋषीला देवांनी हात जोडून विचारलं तरी होतं. तुला कुणी विचारलं? सगळ्यांसमोर ऊठ आणि नाही म्हण. खोली गेली तर जाऊ दे, इथं दाजींचं दुकान आहे, पोटाला कमी पडणार नाही. माझा जीव टांगणीला लागलाय.

जिवाला जप, नाहीतर कान धरायला तिथं येईन.
तुझी ताई


पिंपरी
ता. ६ सप्टेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
ज्ञानेशचा सा. न. वि. वि.

उद्या सकाळी ऑपरेशन आहे, ते दाजींना फोनवर कळवलंच. पूनमलाही सांगितलं. पण हे फोनवर सांगवेना. दवाखान्यात आडवं पडून लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

तुझं पत्र मिळालं तेव्हाच ठरवलं होतं, काल शेवटच्या खेळात उठायचं. आईशप्पथ. आमच्या देखाव्यातली सगळी वाक्यं रेकॉर्ड केलेली असतात, दधीचीची नानासाहेबांच्या आवाजात. इंद्र झालेला प्रज्वल हात जोडून समोर आला. मी उठायला जोर लावला, तर कमरेखाली पाय आहेत असं वाटेचना. दोन्ही बधिर. मी नाही, नाही म्हणत होतो, पण स्पीकरवर नानासाहेब म्हणाले, घ्या देवहो, माझी हाडं घ्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रस्ताभर टाळ्या पडल्या. पडदा पडल्यावर चौघांनी मला चौरंगासकट उचललं.

आज नानासाहेब येऊन गेले. देखाव्याला पहिलं बक्षीस मिळालं. इतका निश्चल दधीची परीक्षकांनी कधी पाहिला नव्हता म्हणे. पुढच्या वर्षीही तूच, असं म्हणून त्यांनी माझा खांदा थोपटला.

जो येतो तो म्हणतो, काय सुरेख बसला होतास. ताई, मी उठत होतो गं. तू तरी खरं मान.

तुझा,
ज्ञानेश