जाकिटाखालचं पिस्तूल

अण्णा, तुमच्या मुलीने पिस्तूल बाळगलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला काय रागवायचं ते रागावून घ्या आणि मग पुढचं ऐका. चोरून नाही, रीतसर परवाना काढून. पण बाळगलं ते लपवूनच, कारण इथला कायदाच तसा आहे. न्यू जर्सीत हत्यार अंगावर घेऊन फिरायचं तर ते कोणाला दिसता कामा नये. फौजेतून सुटल्यावर तुम्ही सगळी नोकरी बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन बसलात, ती लोकांना दिसावी म्हणून. "दिसली की काम झालं," असं तुम्ही म्हणायचात. माझं नेमकं उलटं होतं. माझं कोणाला दिसलं असतं तर मीच कायद्यात सापडले असते.

मला आठवतं ते मिरजेच्या बँकेचं दार. शाळा सुटली आहे, मी दप्तर हिंदकळवत रस्ता ओलांडते, तुम्ही स्टुलावर बसलेले दिसता आणि मी धावत सुटते. तुम्ही उठता आणि तळहात पुढे करता. थांब. रोज तेच. माझ्या मैत्रिणींचे वडील त्यांना सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे आणि माझे वडील मला लांब उभी करायचे, याचा मला फार राग यायचा. घरी आलात की आधी बंदूक कपाटात, कपाटाला कुलूप, मग खाकी शर्ट खुंटीला, मग मोरीत साबण लावून हात धुणार, आणि एवढं सगळं झाल्यावर म्हणणार, "ये आता." तोवर माझा रुसून फुगा झालेला असायचा. एकदा मी थांबलेच नाही. तळहाताखालून शिरले आणि तुमच्या पायांना मिठी मारली. तुम्ही मला दंडाला धरून बाजूला केलंत, सगळ्या बँकेसमोर, आणि म्हणालात, "अंगावर बंदूक असलेल्या माणसाकडे धावत जायचं नाही. तो माणूस मी असलो तरी." मी रडत आईकडे गेले. आईनेही तुमचीच बाजू घेतली.

म्हणून मला निवडणुका आवडायच्या, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. निवडणुका लागल्या की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची, आणि तुमची बंदूक परवान्यावर तुमची स्वतःचीच होती. एका वर्षी बँकेच्या बंदुकीला सूट देणारा कागद वेळेत आला नाही आणि तुम्ही रिकाम्या हातांनी दारात बसलात. मॅनेजर कासावीस. येणारेजाणारे गंमत करत होते, "काय हवालदार, आज नुसत्या मिशांवर?" तुम्हीही हसत होतात. त्या दिवसांत मी धावत आले की तुम्ही मला तिथेच, बँकेच्या पायरीवर, उचलून घ्यायचात. तुमच्या शर्टाला तेव्हा बंदुकीच्या तेलाचा वास नसायचा. निकाल लागू नये असं वाटणारी मी मिरजेत एकटीच असेन.

आता माझं सांगते. मी इथे घरं विकायचं काम करते, रिअल्टर म्हणतात. आयसेलिन, पिस्कॅटवे आणि आजूबाजूचा भाग. गिऱ्हाईक बहुतेक आपलंच, सॉफ्टवेअरमधलं, पहिलं घर घेणारं; देवघर कुठे बसेल ते आधी विचारतात आणि गळणाऱ्या छताचं नंतर. या कामातली एक गोष्ट शिकताना कोणी सांगत नाही. रिकाम्या घरात अनोळखी माणसाबरोबर एकटीने शिरायचं असतं, आणि दार आपणच उघडून द्यायचं असतं. एका दुपारी फोनवर ठरवून एक माणूस आला. नीट कपडे, नीट बोलणं. वरच्या मजल्यावर मागच्या खोलीत मी कपाट उघडून दाखवत होते. वळून बघते तर तो दाराच्या चौकटीत उभा. हसत त्याने विचारलं, तू इथे आहेस हे कोणाला माहीत आहे का? मी म्हटलं, ऑफिसात माहीत आहे. तो तसाच उभा राहिला. किती वेळ, ते मला आजही सांगता येत नाही. मग बाजूला झाला, जिना उतरला, घर छान आहे म्हणाला आणि निघून गेला. पोलिसांना सांगितलं तर त्यांनी शांतपणे विचारलं, म्हणजे नक्की झालं काय? काहीच झालं नव्हतं. पण त्यानंतर कुलपात किल्ली घालण्याआधी मी दोनदोनदा मागे वळून बघायला लागले. तुमचे जावई चहा पुढे ठेवून म्हणायचे, "सोड ना हे काम. आपलं काय अडलंय?" मला सोडायचं नव्हतं. या देशात मी स्वतः उभी केलेली ती एकच गोष्ट होती.

मग परवाना. बोटांचे ठसे, नेमबाजीची परीक्षा, आणि माझी वागणूक चांगली आहे अशी ग्वाही देणारी नात्याबाहेरची माणसं. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकांनी ग्वाही दिली आणि विचारलं, "वहिनी, गणपतीच्या मीटिंगला नाही ना आणणार? तिथे आधीच वातावरण तापलेलं असतं." नेमबाजी शिकवणारी बाई सत्तरीची, पांढऱ्या वेणीची अमेरिकन. ती पहिल्याच दिवशी म्हणाली की नेम धरायला सगळेच शिकतात, ते अंगावर घेऊन रोजचं जगणं कठीण असतं. तिचं खरं होतं. माझ्या साड्या सुटल्या. उन्हाळ्यातही जाकीट, आत जाड पट्टा, उजव्या कमरेला ते. खाली पडलेलं उचलायचं तर कमरेत वाकायचं नाही, गुडघ्यांत बसायचं. ओक ट्री रोडवरच्या दुकानात वरच्या फळीवरची पोह्यांची पिशवी हवी असली तरी हात उंच करायचा नाही. शाळेत न्यायचं नाही, कचेरीत न्यायचं नाही, कोणाच्या घरात न्यायचं तर घरमालकाला आधी विचारायचं. जी घरं मी विकायला काढायचे त्यांच्या मालकांनाही विचारायचे. कोणी नको म्हटलं की ते गाडीतल्या लोखंडी पेटीत. हळदीकुंकवाला जाताना मी गाडीतच आधी पेटीला कुलूप लावायचे आणि मग गजरा माळायचे. हे सगळं हसण्यावारी नेता येतं, मीही नेलं. पण खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. कुलूप उघडताना मागे वळून बघायचं थांबलं होतं.

माझी लेक तुम्ही पाहिली नाहीत. ती इथेच जन्मली, इथेच वाढली, मराठी तिच्या पद्धतीने बोलते. दिवे घालवायचे, दार लावायचं आणि वर्गाच्या कोपऱ्यात श्वास रोखून बसायचं, याचा सराव करत ती शाळेत मोठी झाली. बाहेरून कोणी बंदूक घेऊन आला तर काय करायचं, त्याचा सराव. आता ती स्वतः दुसरीची शिक्षिका आहे आणि तोच सराव लहान मुलांकडून करून घेते. तिला दिवस राहिले तेव्हा ठरलं होतं की ती शाळेत परत गेली की बाळाला मी सांभाळायचं, आठवड्यातले निम्मे दिवस. मी कामं कमी करत आणली होती. आणि एका रविवारी जेवताना ती म्हणाली, "आई, मला एक सांगायचंय. प्लीज चिडू नकोस. ते बाळाच्या आसपास नको. ॲट ऑल."

"माझ्याकडे लायसन्स आहे," मी म्हटलं.

"आय नो. तू केअरफुल आहेस, आय नो दॅट टू. पण मी माझ्या वर्गातल्या मुलांना सांगते, आवाज करू नका, रडू नका, आणि माझ्याच आईच्या जॅकेटमध्ये ते आहे. मला झोप नाही येत, आई. तुला नाही जमलं तर मी डे-केअर बघीन. आय मीन इट."

मी शब्द दिला, तुझ्या घराच्या उंबऱ्याच्या आत ते कधीच येणार नाही. आणि तो पाळला. ते पेटीत ठेवून कुलूप लावल्याशिवाय मी तिच्या दारावरची घंटा एकदाही वाजवली नाही.

नात झाली. लेक शाळेत परत गेली आणि मी तिच्याकडे जायला लागले. तेव्हापासून ती मला दारातच मिठी मारायला लागली. तिला ती सवय नव्हती. कॉलेजात गेल्यापासून "हाय आई" म्हणून हात हलवणारी मुलगी ती. मला वाटलं, स्वतः आई झाली, आता हिला आई कळली. मैत्रिणींनाही मी ते कौतुकाने सांगितलं. मग एका सकाळी माझ्या जाकिटाच्या उजव्या खिशात चष्म्याचं घर होतं. मिठी मारता मारता तिचा हात तिथे आला आणि थांबला. तिने श्वास धरलेला मला कळला. बोटांनी तिने चाचपून पाहिलं, काय आहे ते तिला समजलं, श्वास सुटला आणि ती म्हणाली, "ये ना, आत ये. थंडी आहे." तेव्हा मला उमगलं की रोजची ती झडती होती. बाळाचं पांघरूण नीट करायच्या निमित्ताने डोळे पुसले. आणि मग मला भयंकर राग आला. मी शब्द दिला होता, पाळला होता, आणि माझी पोटची पोर मला चाचपून घरात घेत होती. हट्टाला पेटले. तोवर गरज वाटेल तेव्हाच बाळगत होते, त्यानंतर तिचं घर सोडून रोज बाळगायला लागले.

याच दिवसांत तो मुलगा घर घ्यायला आला. नागपूरकडचा, इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकून नोकरीला लागलेला, लाजाळू, दर वाक्याला "हो काकू" म्हणणारा. किल्ल्या हातात पडण्याआधी घर एकदा शेवटचं बघून घेतात, त्यासाठी आम्ही गेलो होतो. घरमालक म्हाताऱ्याने मला पिस्तुलासाठी हो म्हटलेलं होतं. तळघरात मी मुलाला पाण्याचा बंब दाखवत होते. तो माझ्या मागे होता. बोलता बोलता तो एकदम गप्प झाला. मी वळले, आणि तो माझ्या अंगावर आला, वेगाने, खाली झुकत. मी भिंतीला टेकले. माझा हात जाकिटाखाली गेला होता, मूठ आवळलेली होती, पिस्तूल पट्ट्यातून अर्धं वर आलं होतं. यातलं काही मी ठरवून केलं नाही. शिकवलं होतं ते हाताने परस्पर केलं. आणि माझ्या पायाशी त्याची मान होती, नुकतेच केस कापलेली.

"आई-बाबांचा व्हिसा झाला नाही, काकू," तो वाकलेलाच म्हणाला. "किल्ली घ्यायच्या आधी कोणाच्या तरी पाया पडायचं होतं. म्हटलं, तुम्हीच आहात."

मी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. उजवा लगेच सोडवेना. सुखी राहा म्हटलं, आवाज कुठून आला देव जाणे. तो उठला, चष्मा सारखा केला, हसला आणि बंबाची वॉरंटी किती आहे ते विचारायला लागला. त्याने काहीच पाहिलं नव्हतं. कोणालाच काही दिसलं नव्हतं, कायद्याला हवं असतं अगदी तसं. तो गेल्यावर मी गाडीत बसले आणि आधी ते पेटीत ठेवून कुलूप लावलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की तुमचा तो तळहात माझ्यासाठी होता, मला थांबवायला. अण्णा, तुम्ही स्वतःलाच भीत होतात का? तुमचाही हात कधी असा परस्पर गेला होता का, फौजेत, कुठेतरी? हे विचारायचं सुचलं तोवर तुम्ही जाऊन एक जन्म लोटला.

पिस्तूल ज्या दुकानातून घेतलं तिथेच परत देऊन आले. मी शहाणी झाले असं समजू नका. भीती गेलेली नाही. नव्या माणसाला आता आधी ऑफिसात बोलावते, ओळखपत्र बघते, जिन्यावर त्याला पुढे जाऊ देते, आणि तरीही रिकाम्या घरात पाठीला मुंग्या येतात. ज्या बायका बाळगतात त्यांना मी काही सांगायला जात नाही. त्यांची रिकामी घरं त्यांना माहीत.

तुमच्या जावयांना सांगितलं आणि गप्प राहायला बजावलं. लेकीला सांगितलेलं नाही. तिच्याकडे जायच्या दिवशी सकाळी मी तिच्या दारात उभी राहते. बाळ आत पाळण्यात असतं. ती मला जवळ घेते, तिचा हात खांद्यावरून पाठीवर येतो, पाठीवरून कुशीला, मग कमरेला, सावकाश. मी माझे हात जरासे बाजूला धरते, तिला सोपं जावं म्हणून. तिथे काही नाही हे तिला कळतं, तिचं अंग सैल होतं, आणि मग थोडा वेळ ती मला खरंच धरून राहते. सांगून टाकलं तर तिची काळजी मिटेल, तिला झोप लागेल, हे न कळण्याइतकी मी वेडी नाही. पण मग ती दारातून "हाय आई" म्हणेल आणि बाळ माझ्या हातात देऊन गाडीकडे पळेल. हा कागद तुम्हाला पाठवता येत नाही आणि तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून तो ओट्यावर उघडाच पडला आहे. सांगणार आहे मी तिला. पण उद्या सोमवार, उद्या मला तिच्याकडे जायचंय, आणि उद्या तरी नाही.