लाल रेघेच्या वर

३ नोव्हेंबर
डोंगरातल्या नारिन गावात पोचलो एकदाचा! मेडिकल अर्ध्यात सोडलं म्हणून बापाने घराबाहेर काढलं, पण इथल्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. सोनून एजे आमच्या मुख्य; वडीलधाऱ्या बाईला इथे एजे म्हणतात. तळलेल्या पिठाचे गरम गोळे, बोरसोक, पुढ्यात ठेवून म्हणाल्या, खा रे अर्धवट डॉक्टर! काम सोपं आहे. डोक्याची शस्त्रक्रिया झालेल्यांचं रक्त रोज तपासायचं. मेंदूला मार बसला की एक प्रथिन रक्तात उतरतं. आकडा तक्त्यावरच्या लाल रेघेखाली असेल तर माणूस बहुधा तरतो, वर गेला तर आशा सोडायची. श्वासाचं यंत्र एकच, ते कुणाला लावायचं हे डॉक्टर आकडा बघून ठरवतात. आणि हो, माझी जिबेक लग्न होऊन याच गावात आली आहे, त्या तालांतच्या घरी. तिच्यासाठीच तर आलो.

९ नोव्हेंबर
जिबेक बाजारात भेटली. तालांतने तुला लग्नासाठी जबरदस्तीने पळवलंच ना, असं विचारलं. म्हणाली, माझ्या पायांनी गेले, आता तू तुझ्या पायांनी घरी जा.

१४ नोव्हेंबर
कोक-बोरूच्या, घोड्यांवरच्या झटापटीच्या खेळात तालांत घोड्यावरून पडला, टाप उजव्या कानामागे बसली. कवटी उघडून साकळलेलं रक्त काढलं. आकडा रेघेखाली, म्हणून यंत्र त्यालाच लावलं. तरणार म्हणे! माझ्या आयुष्याची राख करून हा तरणार!

१५ नोव्हेंबर
तालांतच्या शेजारच्या खाटेवरचा म्हातारा मेंढपाळ मेंदूच्या माराने सकाळी गेला. त्याच्या रक्ताची नळी माझ्याकडे होती. तिच्यावर तालांतचं नाव चिकटवलं. आकडा रेघेच्या कितीतरी वर. डॉक्टरांनी यंत्र काढून दुसऱ्याला लावलं. संध्याकाळी तालांत गेला.

१७ नोव्हेंबर
दफन झालं. जिबेक रडत एजेंना सांगत होती, यंत्र काढलं त्या सकाळी त्याने डोळे उघडले होते. उघडू देत. मिटले ना शेवटी!

१९ नोव्हेंबर
रक्त तपासायचं उपकरण नीट चालतं का ते बघायला धडधाकट माणसाचं रक्त हवं होतं. माझंच घातलं. आकडा रेघेला टेकला. एजे हसल्या, म्हणाल्या, कुणाच्या दारावर डोकं आपटलंस रे?

२० नोव्हेंबर
आज रेघेच्या वर. एजेंचं रक्त स्वच्छ. माझंच — मी पडलो नाही, कुणी मारलं नाही. उजव्या कानामागे बोट लावलं. हाड मऊ लागतंय.

२१ नोव्हेंबर
टापा. डोक्याच्या आत. थांबत नाहीत — घोडा नाही इथे, कुठेच नाही —

२२ नोव्हेंबर
कोसळलो. श्वास अडकतोय, जीभ हलत नाही, हात तेवढा चालतोय. डॉक्टर म्हणाले, याला यंत्र नको, आकडा बघा, हा गेलाच. एजे भांडतायत, पुन्हा तपासा म्हणून. डॉक्टर म्हणाले, आकडा कधी खोटं बोलतो का?

बोलतो. मला माहीत आहे. सांगितलं तरच वाचेन —
तालांतचे कपडे न्यायला आलेली जिबेक दारात. एजेंनी वही तिच्या हातात धरायला दिलीय. लिही, म्हणतेय, लिही ना काय ते. वाकून वाचतेय. त्या दिवशी नळी मी —