दीड पीळ

७ ऑगस्ट १९७८

मशीन आलं! पण अर्धंच. पंतांनी — म्हणजे आमचे मालक विष्णुपंत — मुंबईच्या लिलावात घेतलेलं. परदेशी, जुनं, रेडिओच्या बोर्डात आपोआप रेझिस्टर खोचणारं. रेझिस्टर येतात कागदी पट्टीवर ओळीनं चिकटवलेले, पट्टी चाकावर गुंडाळलेली, आणि ते चाक धरायला होल्डर लागतो. होल्डर लिलावात दुसऱ्याच कुणीतरी भंगार म्हणून उचलला. पंत म्हणतात, "ज्ञानदेव, तुम्ही डिप्लोमावाले. होल्डर म्हणजे काय हो, चाकाला एक खुंटा!"

दसऱ्याला पुण्याचं गिऱ्हाईक बघायला येणार. हातात दोन महिने. म्हणे खुंटा!

९ ऑगस्ट

अक्काला सांगितलं. लय खूश. "माझा भाव विलायती मशीनला हात-पाय लावतोय," असं शेजारच्या रंगुबाईला लगेच सांगून आली.

तिला कोण सांगणार की हे मशीन तिचंच काम करणार? आमच्या कारखान्यात बारा बायका टेबलावर बसून हातानं रेझिस्टर खोचतात, त्यात अक्काचा हात सगळ्यात चलाख. भाऊजी गेल्यावर ती मला घेऊन रहिमतपूरहून सांगलीला आली. आठ वर्षं तिनं रेझिस्टर खोचले, म्हणून माझा डिप्लोमा झाला. आता डिप्लोमा तिला घरी बसवणार. वा रे शिक्षण!

२१ ऑगस्ट

लोखंडी होल्डर, नंबर एक. चाक मोकळं सोडलं की मशीन थांबलं तरी ते फिरतच राहतं — पट्टीचा गुंता. ब्रेक लावला की पट्टी फाटते. आज फाटली. रेझिस्टर जमिनीवर, बायका वेचायला खाली. मनुबाई म्हणाली, "आवं सायेब, मशीन चाललं की आमाला ह्येच काम ठेवा, खाली पडल्यालं येचायचं." सगळ्या हसल्या. मीपण हसलो. निर्लज्ज!

१ सप्टेंबर

नंबर चार. फाटली.

२ सप्टेंबर

नंबर चारच. आज फाटली नाही, गुंता झाला. प्रगती आहे!

१२ सप्टेंबर

मिरजेला नाथाजी मिस्त्रीकडे गेलो. हा मूळचा सतारीच्या कारखान्यातला, आता लाकडी साचे करतो. माझं ड्रॉइंग उलटं-सुलटं बघून बाजूला ठेवलं आणि एक सतार पुढ्यात घेतली. "ही खुंटी बघा. फिरवून सोडाल तितं धरून ऱ्हाती. हाय का तुमचा कुठला स्क्रू असला?" नाही. नाही!

तर आता लाकडी होल्डर. चाकाच्या कडेवर चामड्याची वादी, वादी खुंटीला गुंडाळलेली. खुंटी पिळली की वादी चाकाला आवळते, उलटी फिरवली की सैल. चार वर्षं डिप्लोमा करून सतारीची खुंटी शोधली.

२० सप्टेंबर

खुंटी बसली, पण पिळायची किती? काटा लावून मोजलं, गणित मांडलं, पट्टी फाटतच राहिली. जेवणाच्या सुट्टीत अक्का डबा घेऊन आली. पट्टी दोन बोटांत धरून जरा ओढली. "घट्ट हाय रं. दीड पीळ सैल कर."

केली. चाळीस बोर्डं! एकदाही फाटली नाही, एकदाही गुंता नाही! "तुला कसं गं कळलं?" तर म्हणाली, "आठ वर्सं त्येच तर धरतीय बोटात."

आनंदानं उडीच मारली मी. मग टेबलाकडं लक्ष गेलं. बाकीच्या अकराजणी घास हातात धरून मशीनकडं बघत होत्या. डबा तसाच झाकून ठेवला.

२८ सप्टेंबर

पंतांनी केबिनमध्ये बोलावलं. "दसऱ्याला चाललं की टेबलावर दोघी पुरे. बाकीच्यांना दिवाळीनंतर रजा. आत्ताच बोलू नका." मी अक्काचं नाव काढलं. "छे छे! लोक म्हणतील इंजिनियरनं आपल्या बहिणीला ठेवून घेतलं. तुमच्याच अब्रूसाठी सांगतो." माझ्या अब्रूची केवढी काळजी!

अक्काला सांगितलं नाही. भित्रा आहे मी.

९ ऑक्टोबर

शेवटची ट्रायल. शंभर बोर्डं, एक खोट नाही. पंत म्हणाले, "आता हात लावायचा नाही कुणी. उद्या खंडेनवमी, हत्यारं विसावतात. पूजा झाली की थेट दसऱ्याच्या मुहूर्तावर बटण दाबायचं." मी म्हटलं, सकाळी एकदा चालवून बघायला हवं. "शुभ कामात शंका काढू नका!"

सगळे हात धुवायला गेले. मी एकटा मशीनपाशी. खुंटी धरली आणि आवळली. दीड पीळ.

मुहूर्तावर पहिल्याच ओढीला पट्टी फाटेल. पुण्याचे हसतील, पंत मशीन विकतील, मला हाकलतील. हाकलू देत. दोन महिन्यांत आज पहिल्यांदा बरं वाटतंय.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी

पूजा. हळदकुंकू, झेंडूच्या माळा. मनुबाई होल्डरकडं निघाली तर अक्कानं तिला चक्क बाजूला सारलं. "ह्ये माझ्या भावानं केलंय. ह्येला मीच कुंकू लावणार." चाकाला, वादीला, खुंटीला — सावकाश, एकेका ठिकाणी बोट टेकवत. मला तिथं उभं राहवेना. बाहेर जाऊन सायकलची चेन बघत बसलो. चेनला काहीही झालेलं नव्हतं.

११ ऑक्टोबर, दसरा

चाललं!

पट्टी फाटली नाही. गुंता नाही. दोनशे बोर्डं! पुणेकरांनी टाळ्या वाजवल्या. गळ्यात हार माझ्या. पंतांनी बायकांना एकेक करून आपट्याची पानं दिली, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणाले आणि त्याच दमात दिवाळीनंतरच्या रजेचं सांगून टाकलं. दोघी राहिल्या. काढलेल्या दहाजणींत अक्का.

तिनं पान कमरेला खोचलं आणि लांबून माझ्या हाराकडं बघून हसली. मला ढसाढसा रडावंसं वाटत होतं. रडलो नाही. हार घालून फोटो काढून घेतला.

पण मी पिळली होती! नक्की पिळली होती!

१२ ऑक्टोबर

मुद्दाम मिरजेला गेलो. लाकूड आकसलं असेल का, हवा बदलली म्हणून? नाथाजी भडकला. "माझी खुंटी आपसूक सैल व्हत न्हाई! कुणीतरी फिरिवली आसंल."

१३ ऑक्टोबर

जेवताना अक्का म्हणाली, "कामाचं नगं मनाला लावून घिऊस, दुसरं बघीन. तुझं नाव झालं, बास. पर ज्ञानू, तुला एक सांगायचं ऱ्हायलं. कुंकू लावताना ती खुंटी बोटाला घट्ट लागली. म्हनलं, चारचौघांत फजिती व्हईल माझ्या भावाची. कुणाला न सांगता दीड पीळ सैल क्येली. कुणाच्या रं एवढं डोळ्यावर आलं आसंल तुझं?"