मठाच्या छपरावरील शिशाची व्यवस्था

मी, एव्हारिस्तो लाल्ली, वय सत्त्याऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी, पूर्वीचा धंदा नळ व शिसेकाम, राहणार अस्सेर्जी, ग्रान सास्सो डोंगराचा पायथा, डोके ठिकाणावर असताना व कोणीही हात धरलेला नसताना स्वहस्ते लिहून ठेवतो की :

१. राहते घर कन्या फिलोमेना हिचे.

२. झाळकामाची, म्हणजे धातूचे सांधे जोडायची हत्यारे शेजारी बेरार्दो यास. त्याची झाळ गळते. दोष हत्यारांचा, असे तो म्हणतो. आता ती सबब उरणार नाही.

३. मठाचे छप्पर १९६२ साली मी बदलले, तेव्हा मठाने मला दिलेले तीनशे वर्षांपूर्वीचे शिसे, पत्रे बावीस. हे मी स्वतःच्या शवपेटीच्या अस्तरासाठी राखले होते. जावई डॉ. रेनातो यांस ते डोंगराखालच्या प्रयोगशाळेत, बाहेरचे किरण अडवायला यंत्राभोवती लावण्यास हवे आहे. नवे शिसे स्वतःच किरण सोडते. म्हातारे झाले की गप्प बसते. विद्वानांस हा गुण लागलेला नाही.

१९९८ च्या ईस्टरला, कोकराच्या मटणावर ताव मारताना ते म्हणाले होते, "प्रत्येक कणाला एक जड जुळा असतो, मामा. विश्वातला न दिसणारा माल बहुधा त्या जुळ्यांचाच. पाच वर्षांत पकडतो की नाही बघा!"

मी विचारले, "जावईबापू, जुळा पाहिलाय कोणी?"

"चौथीवाल्याला नाही कळायचं ते."

पाच वर्षे झाली, पंचवीस झाली. जिनीव्हाजवळच्या अवाढव्य यंत्रात कणांवर कण आपटून पाहिले, जुळा नाही. डोंगराखाली त्याची चाहूल घेत बसले, नाही. दरवेळी जुळ्याचे वजन वाढवून सांगतात. आमच्या धंद्यात नळ बसला नाही तर नळ कापतात. यांच्याकडे भिंत सरकवतात.

४. गेल्या रविवारी फिलोमेना म्हणाली, "बाबा, निवृत्तीआधीचं त्यांचं हे शेवटचं यंत्र. शिसं नसेल तर सुरूच व्हायचं नाही. तुम्हाला पेटीत कुठे किरणांचा त्रास होणार आहे?" मुलगी माझीच आहे.

सबब शिसे रेनातो यांस द्यावे. मला साध्या जस्ताच्या पेटीत ठेवावे. तिची झाळ बेरार्दोने देऊ नये. अट एकच : जुळा न सापडल्यास रेनातो यांनी गावच्या चौकात उभे राहून "इथपर्यंत शोधला, इथपर्यंत नाही" एवढेच म्हणावे. त्यास "अजून" हा शब्द जोडल्यास शिसे मठास परत. नळ कुठे फुटलेला नाही हे तपासून छातीठोक सांगणे, हेही कामच असते. मी ते जन्मभर केले. लाज वाटली नाही.

५. हा मजकूर रेनातो यांस मी गेल्यावरच कळावा. आत्ता कळल्यास ते आभार मानायला येतील, आणि बसून समजावून सांगतील.

स्थळ : अस्सेर्जी. दिनांक : ३ नोव्हेंबर २०२३.

सही : एव्हारिस्तो लाल्ली

वाचून, हसू आवरून सह्या केलेले साक्षीदार :
कोन्चेत्सियो मोस्का, सुतार
एल्व्हिरा दी पाओलांतोनियो, खानावळवाली