रिकामा चौकोन

प्रिय टिटवे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी हवामान केंद्राच्या छपरावर चढून वाऱ्याचं यंत्र उतरवत होतो. बोटवाल्याने खालूनच ओरडून सांगितलं, लेकीचं पाकीट आहे, चांगलं जाडजूड आहे. खाली आलो, हात पुसले आणि पायरीवरच बसून वाचलं. माझ्यासाठी खिडकीशी टाकलेली कॉट, टेबलासाठी जावईबापूंची चाललेली खटपट, बाळाचा पहिला दात, सगळं दोनदा वाचलं. लहानपणी दिवसभर बडबडायचीस म्हणून तुला टिटवी म्हणायचो. लिहितानाही तू मध्ये दम खात नाहीस.

इथलं आवरत आलंय. पुढच्या बोटीने नवं यंत्र येतंय. ते आपलं आपणच हवा तपासणार आणि आकडे कचेरीला पाठवणार. त्याला ना सुट्टी लागते, ना त्याचे गुडघे दुखतात. तेवीस वर्षं दर मंगळवारी दुपारी बारा वाजता बेटाच्या टोकाशी जाऊन मी काचेच्या बाटलीत हवा भरली. वाऱ्याकडे तोंड करायचं, बाटली डोक्यावर धरायची, श्वास रोखायचा आणि तोटी उघडायची. आपला श्वास आत गेला की नमुना वाया. तुझी आई मागे वही घेऊन उभी असायची आणि उगाच मला घाई करायची.

एकदा माझं मनगट मुरगळलं होतं म्हणून बाटली तिने धरली. त्याच आठवड्यात तुझं वसतिगृहातून पत्र आलं होतं. बाईंनी वर्गात विचारलं, वडील काय करतात, तर तू ठणकावून सांगितलं होतंस की ते श्वास रोखून उभे राहतात. आईने तोटी उघडली, माझे फुगलेले गाल पाहिले आणि तिला नेमकं तेच आठवलं. ती फिस्सकन हसली, थेट बाटलीच्या तोंडाशी. कशीबशी तोटी बंद केली आणि मग खाली बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली. मी वहीत आणि बाटलीच्या चिठ्ठीवर लिहिलं: नमुना खराब, कारण हसणे. कचेरीने ती बाटली कधी परत मागितली नाही. ती आजवर माझ्या कपाटात होती.

या कामाचा मोठा नियम तुलाही पाठ होता. जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही. नोंद चुकली तर चौकोन रिकामा ठेवायचा आणि बाजूला कारण लिहायचं, अंदाजाने भरायचा नाही. काल शेवटच्या पानावर सही करायची होती की सर्व नोंदी मी स्वतः घेतल्या आहेत. पेन हातात धरून मी तासभर नुसता बसलो. वहीत काही चुकलेलं नव्हतं गं.

आई गेली तो दिवसही मंगळवारच होता. तिसऱ्या दिवशीही ताप उतरत नव्हता, समुद्र खवळलेला, डॉक्टरला घेऊन बोट येईना. बारा वाजत आले तसं तिने डोळ्यांनीच घड्याळ दाखवलं. त्या दिवशीचा चौकोन मी रिकामा ठेवू शकलो असतो. कुणी एका शब्दाने विचारलं नसतं. पण तिची ती धाप मला ऐकवत नव्हती. मी कामाचं निमित्त केलं आणि पळालो. पंचवीस मिनिटांनी परत आलो तेव्हा सगळं संपलं होतं.

चार दिवसांनी तू बोटीतून उतरलीस आणि पहिलं हेच विचारलंस, शेवटी आई काही म्हणाली का? मी म्हणालो, तुझं नाव घेतलं. आठ वर्षं तू त्या एका वाक्यावर तग धरून आहेस. या पत्रातही लिहिलंयस की बाळाला जवळ घेतलं की तुला तेच आठवतं. टिटवे, मी तिथे नव्हतो. ती काही म्हणाली का, मला माहीत नाही. तो चौकोन रिकामा होता आणि मी तो अंदाजाने भरला. मला फार लाज वाटते. हे लपवून तुझ्या खिडकीशी येऊन राहणं माझ्याच्याने होणार नाही, म्हणून हे पत्र. आता मला ये म्हणायचं की नाही, ते तू ठरव. जे ठरवशील त्यावर मी रुसणार नाही. बोटवाल्याकडे एक लाकडी पेटी देतोय. कापसात ती बाटली आहे, चिठ्ठीसकट. तोटी उघडायची की नाही, तुझ्या मनावर. पण ही बाटली भरली त्या दुपारी आई तुझ्या आठवणीने हसली होती, आणि तेव्हा मी तिच्याशेजारी उभा होतो. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

तुझाच,
बाबा