उतरता खांदा

४ नोव्हेंबर १९६३, सोम.
उरवड्याच्या वळणावर पडले. ढोपर सोललं, बाकी ठीक. दोष फटफटीचा नाही, कोटाचा. ह्यांच्या कोटाची उजवी बाही ओघळून बोटांवर येते आणि ब्रेकच्या दांड्यात अडकते. ह्यांच्या अंगावर तो कोट कसा बसायचा. मी त्यात म्हणजे खुंटीच. हातमोज्यांच्या बोटांत दवाखान्यातला कापूस, बुटांत मोज्यांचे दोन जोड, गॉगलला बँडेजची पट्टी. एवढी मलमपट्टी मी पेशंटलासुद्धा करत नाही.

६ नोव्हें.
पौडला बातमी पोचलीच. डॉक्टरांनी बोलावलं. "नर्सबाई, महिनाअखेर अंगाबरोबर कपडे करा, नाहीतर फटफटी बंद. एस.टी.नं जा." एस.टी. सडकेला थांबते. आतल्या वाड्यांवरच्या बाळंतिणी काय सडकेवर येऊन निजणार? पण मान डोलावली.
खरं कारण वेगळंच. हे गेल्याला दोन वर्षं होतील. धरणावरच्या सडकेवर ह्यांनीच मला फटफटी शिकवली. दिवसभर तिच्यावर असले की एकटं वाटत नाही. उतरले की वाटतं. कुणाला सांगणार, म्हणून इथे.

९ नोव्हें., शनि.
पुण्यात लष्कर भागात तीन दुकानं पाहिली. एकात म्हणे, "साहेबांना घेऊन या, माप बघावं लागेल." म्हटलं, मलाच हवाय. त्यानं आतून दुसऱ्याला बोलावलं, मला बघायला. मग बायकांचा म्हणून एक कोट काढला. कमरेला पट्टा, गळ्याला फुलं. काष्ट्यावर घालून टांग टाकायला गेले तर पायच उचलेना. बायकांचा कोट नुसता उभं राहण्यासाठी शिवलेला असतो, हे आज कळलं. भर दुकानात एक पाय उचलून उभी होते. आपलंच हसू आलं. परत येताना मात्र नाही.

१२ नोव्हें.
पौडला रहीमचाचांकडे. अख्ख्या पेठेचे कपडे तेच शिवतात. बाईमाणसाला टेप लावत नाहीत. "मापाचं कापड द्या बाई, बाकी म्या बघतो." सगळ्या बायका असंच करतात, अंगाला बसणारं जुनं पोलकं देतात. ह्यांचा कोट दिला, नमुना म्हणून. आत घडी करून माझं पोलकं, मापाला. खाकी ड्रिलचं जाड कापड दुहेरी घालायला सांगितलं. म्हटलं, "ह्यात सगळं आहे चाचा, तंतोतंत करा."
तोवर शाल गुंडाळून फिरते. थंडी मी म्हणते.

२४ नोव्हें., रवि.
कोट झाला.
चाचांनी आधी कागदात बांधलेली पुडी दिली. "तुमचं पोलकं कोटात ऱ्हायलं हुतं बाई." इस्त्री करून दिलं होतं. तेव्हाच समजायला हवं होतं.
नमुना आणि माप, दोन्ही त्यांनी कोटच धरला. नवा कोट शिलाई न् शिलाई ह्यांचा. ह्यांनी वर्षानुवर्षं विजेच्या तारांची वेटोळी उजव्या खांद्यावर वाहिली, तो खांदा उतरला होता. चाचांनी तेही सोडलं नाही. "मालकांचा उजवा खांदा उतरता हुता न्हवं? तसाच घेतलाय. तंतोतंत म्हनला तुमी."
सुरेख झालाय म्हटलं. खरंच झालाय.
घरी खुंटीला लावला. पाठमोरे हेच उभे. जेवण गेलं नाही. मी रडले. आधी रागानं, मग राग राहिला नाही.

२७ नोव्हें., बुध.
तीन दिवस उरले, म्हणून कोट घेऊन परत गेले. झालं ते सांगितलं. चाचांना फार वाईट वाटलं, कानाला हात लावला. मग पडद्याआड हाक मारली, "अगं, टेप घे. बाईंचं माप तू घे."
चाची आतल्या खोलीत घेऊन गेल्या. कोट अंगात घालायला लावला, खडूनं खुणा केल्या. "हात वर करा. लई वाळला तुमी. जेवता का न्हाई?" पाठीवरून, दंडावरून, काखेतून टेप फिरला. दोन वर्षांत मला कुणी हात लावला नव्हता. रोज मी दहा बायकांना लावते, आणि हे कधी लक्षातसुद्धा आलं नव्हतं. माप घेऊन झालं होतं तरी मी हात वरच धरून उभी. चाचींनी पुन्हा एकदा माप घेतलं.
मग म्हणाल्या, "कंबर, घेर सोपं हाय. पर ह्यो खांदा वर घ्याया लागंल, तवाच बाही जाग्यावर बसंल. घेऊ?"
मी खांद्यावरच्या खडूच्या खुणेवर बोट ठेवलं, ते उचललंच नाही.
"बरं, कच्चं टाकं घालून देते. फिरवून बघा. आवडलं तर पक्कं करू, न्हाईतर दोरा वढा, पयल्यासारखं हुतंय."

३० नोव्हें., शनि.
कोट घालून भरे गावाला जाऊन आले. बाळंतीण बरी, पोर बरं. बाही मनगटाशी थांबते. ब्रेकवर चारही बोटं आली, पहिल्यांदाच. उरवड्याचं वळण मुद्दाम जोरात घेतलं, काही झालं नाही. वळणाच्या पुढे गेल्यावर ओरडून सांगावंसं वाटलं. कुणाला, ते सुचलं नाही.
दुपारी कोट खुंटीला लावला. खांदे सारखे. कुणीच उभं नाही तिथे. ह्यांचा जुना कोट पेटीत आहे, पण तो फार विरलाय, त्यात उतरता खांदा असा उभा दिसायचा नाही.
परवा डॉक्टर बघणार. चाची म्हणाल्यात, उद्या बाजाराला याल तेव्हा पक्कं करते, घटकाभराचं काम.
खांद्यावरचे कच्चे टाके लाल दोऱ्याचे आहेत. टोक एवढंसं बाहेर आलंय. दोनदा चिमटीत धरलं. ओढलं नाही, कापलंही नाही.